भिऊन गाणारा वैजनाथ

वैजनाथ गेल्याची बातमी आली तेव्हा मी अंबाजोगाईच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून मामाच्या विहिरीत मगर कशी निघाली ते सांगत होतो. मगर तोवर बैलगाडीएवढी झाली होती आणि चहा संपेपर्यंत अजून थोडी वाढली असती... तेवढ्यात वैजनाथचा धाकटा भाऊ शिवलिंग दारात येऊन उभा राहिला. "नाना, दादा गेला," म्हणाला. मी म्हटलं, "कुठं गेला? दुकान उघडं टाकून?" कारण वैजनाथ दुकान उघडं टाकून जाणारा माणूस नव्हता. ऐकत बसलेल्यांपैकी एकजण तर हसलासुद्धा. त्याला वाटलं, हा गोष्टीतलाच पुढचा भाग असेल.  मग माझं लक्ष शिवलिंगच्या पायांकडं गेलं. चपला नव्हत्या. भर बाजारातून तो अनवाणी पळत आला होता.

दुकानात बसल्या बसल्या गेला, भर दुपारी, कुणाची तरी कॅसेट भरत असताना. छातीत दुखतंय म्हणून पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत थांबला नाही. आयुष्यभर ज्या माणसाला सगळ्या गोष्टींची धास्ती वाटली, त्याला या एका गोष्टीची धास्ती घ्यायला वेळच मिळाला नाही. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. विभूती लावून, फुलं वाहून त्याला खाली बसवला, तेव्हा मी कडेला उभा होतो आणि खरं सांगतो, मला वाटलं आता हा मान वर करून विचारणार, "नान्या, बाजूची माती ढासळंल का रं? नीट बघ की." माझी खताची दुकानदारी आणि त्याचा कॅसेटचा धंदा एकाच पत्र्याखाली, मधे एक विटांची भिंत. त्या भिंतीपलीकडून इतकी वर्षं हाच प्रश्न येत राहिला, दर वेळी वेगळ्या वस्तूबद्दल.

वैजनाथ हा बीड जिल्ह्यातला सगळ्यांत भित्रा माणूस होता. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवायला त्यानं जागाच ठेवली नव्हती. शटर ओढून कुलूप लावायचा, चार पावलं जायचा, परत यायचा, कुलूप ओढून बघायचा, मग मला म्हणायचा, "तू पन एकदा वड की." सिनेमाला गेला तर दाराजवळच्या खुर्चीवर. किल्लारीकडं भूकंप झाला तेव्हा आम्ही सगळेच अंगणात झोपलो. थंडी पडल्यावर बाकीचे घरात गेले, वैजू पुढचे दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढून मगच आत गेला. त्याची लुना एवढी हळू चालायची की एकदा परळीच्या रस्त्यावर एक शेळी तिला मागं टाकून गेली आणि वळून बघून तिनं मान हलवली. शेळी नंतर आमच्या गल्लीतच राहायला आली, हे मात्र मी पुढं वाढवलेलं आहे. शेळीपर्यंतचं खरं.

पण त्या भित्र्या माणसाचे कान... काय सांगू. तो धंदा आता कुणाच्या लक्षात राहणार नाही. लोक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचे आणि वैजू ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा. कुणाला लग्नासाठी सनईच हवी, कुणाला आरत्या, कुणाला बायको माहेरी गेल्यावर ऐकायची गाणी. दोन डेक शेजारी शेजारी आणि मधे वैजू, मान वाकडी करून. मशीन एखाद्या केसाइतकं मागं पडलं तरी त्याला कळायचं. त्याच वर्षांत गावात डिश आली, एसटीडीचे बूथ आले, पानटपरीवर फ्रिज आला, आणि मोठ्या कंपन्यांच्या छापील कॅसेटी चहाच्या किमतीला मिळायला लागल्या. वैजू म्हणायचा, "नान्या, दोन वर्सात आपन संपलो बघ." मी म्हणायचो, "तू मागच्या दोन वर्सापासून हेच सांगतोयस बे." तो म्हणायचा, "म्हून तर आता जवळ आलं."

अशात एक दिवस कानाचे डॉक्टर त्याच्या दुकानात आले. ते काही वर्षं विलायतेत, उत्तरेकडच्या एका सदा पावसाच्या गावात शिकून आले होते आणि इथल्या दवाखान्यात लागले होते. तिकडून आणलेल्या कॅसेटींना बुरशी लागायला लागली होती, त्यांच्या नकला करून हव्या होत्या. वैजूनं पहिली कॅसेट लावली आणि भिंतीपलीकडं मी युरियाची पोती मोजता मोजता थांबलो. खोल ढोल, एकच. त्याच्याखाली हँडल फिरवून वाजवायच्या कसल्याशा सारंगीचा न थांबणारा घरघराट, दळणाच्या जात्यासारखा. वर गिटारीची एकच तार पुन्हा पुन्हा. आणि माणसं गात होती ती ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून नव्हे. कुणीतरी खोलीत आहे आणि त्याला कळू न देता आपसात बोलतात, तसं. मी पलीकडं गेलो तर वैजू पांढराफटक. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हे कुनी गेल्यावर म्हनायचं हाय का?"

डॉक्टर हसले. वैजूच्या स्टुलावर बसून त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण मी नंतर ते पन्नास ठिकाणी माझं म्हणून सांगितलं. इंग्रजांचा देव चर्चमधला, हे आपल्याला माहीत असतं. पण चर्च यायच्या आधी त्या बेटावरचे लोक सूर्याला, झाडाला, विहिरीला, धान्याला मानायचे. चर्च आलं तरी ती जुनी भीती कुठं गेली नाही. ती शेतकऱ्यांच्या गाण्यांत जाऊन लपली. काळं कुत्रं रस्त्यात आडवं येतं त्याची गाणी, नदी दरवर्षी एक माणूस मागते तिची गाणी, थंडीत सूर्य परत यावा म्हणून म्हणायची गाणी. आणि आता शहरातली काळे डगले घातलेली तरुण पोरं ती गाणी शोधून काढतात, त्यांचा अंधार आणखी दाट करून गातात. "त्यात जुनं किती आणि या पोरांनी घातलेलं किती, हे त्यांनाही नीट माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "काही तर चक्क रचलेलं. पण ऐकताना भीती वाटते, ती मात्र रचलेली नाही." मला ती पोरं फार आवडली. म्हणजे ती आमच्याच पंथातली निघाली की. वैजूला मात्र त्यात काही नवल वाटलं नाही. तो म्हणाला, "आपला म्हसोबा काय, मरीआई काय, विहिरीतल्या साती आसरा काय. त्यांचं पन तेच हाय. भ्यायचं आन् गायचं."

एका गाण्यावर तो अडकला. तीन बायका, एक ढोल, दुसरं काही नाही. डॉक्टरांनी अर्थ सांगितला. पूर्वी तिकडं पीक कापत आलं की धान्यातला जीव मागं मागं सरत शेवटच्या मुठीत येऊन बसतो असं मानायचे. ती मूठ कापली की जीव घेतल्यासारखं. मग कुणी कापायची? कुणीच तयार नसायचं. तेव्हा सगळे कापणारे पाठ फिरवून उभे राहायचे आणि एकाच वेळी आपापला विळा मागं फेकायचे. कुणाचा लागला, कळायचं नाही. मग त्या कणसांना बाईसारखं सजवून घरात ठेवायचं, हिवाळाभर... वैजूनं ते ऐकलं आणि डेक बंद केला. मग म्हणाला, "पन लागला तर येकाचाच असनार ना." डॉक्टर म्हणाले, "हो." वैजू म्हणाला, "मग त्याला आतून कळत आसंल." त्या दिवसापासून ते गाणं तो दुकानात लावायचा नाही, घरी, कानाला हेडफोन लावून, दिवसा, आणि बायको महानंदा शेजारी बसली असली तरच ऐकायचा.

आता ती चूक. चूक वैजूच्या हातून व्हावी हेच नवल, पण योगेश्वरीच्या यात्रेचे दिवस, दुकानात कॅसेटींचा ढीग, आणि घाटनांदूरकडच्या एका मोठ्या घरातून निरोप आलेला: थोरल्या बाईंसाठी भजनं भरून द्या, आजच्या आज. थोरल्या बाई म्हणजे अण्णांच्या आई. अण्णा साखर कारखान्याचे संचालक, त्यांच्या जीपचा आवाज आला की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून नीट बसायची. बाई पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं, आणि खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी ठरवलं होतं की आता पुरे. जेवण सोडलं. औषध सोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मनाला उभारी आली तर वाचतील. म्हणून भजनं. वैजूनं घाईत कोरी म्हणून जी कॅसेट घेतली, ती कोरी नव्हती; स्वतःसाठी केलेली नक्कल होती, घरून पिशवीत आलेली. भजनं अर्ध्यात संपली. उरलेल्या फितीवर त्या तीन बायका होत्या.

दोन दिवसांनी जीप आली. वैजूनं जीप बघितली, चूक ध्यानात आली, आणि तो माझ्या दुकानात येऊन डीएपीच्या पोत्यांमागं बसला. शोधायला आलेल्या माणसाला मी सांगितलं की वैजनाथ सोलापूरला गेलाय, तिथून पुढं हैदराबादला, बहुतेक तिकडंच स्थायिक होईल. तेवढ्यात पोत्यांमागून शिंक आली. मग मीही जीपमध्ये बसलो; एकट्याला मारण्यापेक्षा दोघांना मारायला जरा वेळ लागतो, एवढाच माझा उपयोग. रस्ताभर वैजू पुटपुटत होता, "ते गानं जीव घेतल्याचं हाय. मी जित्या म्हातारीला ऐकवलं. नान्या, मी ऐकवलं."

अण्णा ओट्यावर उभे होते. म्हणाले, "काय भरलंय रे त्या कॅसेटीत?"  अण्णांनी आत बोट दाखवलं. आत थोरल्या बाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि ताटात ज्वारीची भाकरी आणि दूध. धाकट्या सूनबाईंनी सांगितलं ते असं: भजनं संपली, टेप बंद करायला कुणी जाग्यावर नव्हतं, आणि त्या परक्या बायका गायला लागल्या. बाईंनी डोळे उघडले. "कोन गातंय गं ती? आमच्याकडची हाय का?" म्हणाल्या. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. मग भाकरी मागितली.

बाईंचं माहेर पाटोद्याकडच्या डोंगरातलं. त्यांनी वैजूला जवळ बसवून घेतलं. "कुठल्या रं त्या बाया?" वैजू म्हणाला, "विलायतेतल्या हायत, आजी." बाईंना ते पटलं नाही. "काय पन सांगतूस. माझी आय म्हनायची हे. ज्वारीची काढनी व्हायची तवा येक मूठ उभी ऱ्हायची बांधाला. तिला कुनी हात लावायचं न्हाई. आमी बायका पाठमोऱ्या उभ्या ऱ्हायचो आन् इळे मागं टाकायचो. मग तिला खनाची चोळी शिवायची, आन् चुलीपाशी टांगायची." मी त्या वेळी वैजूकडं बघितलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते बाईंपर्यंत पोचायला काही वाट नव्हती. वैजू तर कुणाला सांगणाऱ्यातला नव्हता, आणि मी पन्नास ठिकाणी सांगितलं असलं तरी घाटनांदूर त्यात नव्हतं. मी थापा मारणारा माणूस आहे; थाप मला लगेच ओळखू येते. ती थाप नव्हती.

अण्णांनी आम्हाला मारलं नाही. त्यापेक्षा वाईट केलं. वैजूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आई हाय तवर हे वाजलं पायजे. बंद पडलं आन् तिनं जेवन सोडलं, तर बघ मग." हसून म्हणाले, प्रेमानं म्हणाले. पण वैजूला एवढं पुरेसं होतं.

तिथून त्याचे सोमवार सुरू झाले. सोमवारी त्याचं दुकान बंद असायचं. वैजनाथ परळीला दर्शनाला जाणं सोडून लुनावर घाटनांदूरला जायला लागला. पिशवीत कापूस, स्पिरिट, बारीक पेचकस, टेपचे सुटे पट्टे. डेकचं हेड पुसायचं, फीत तपासायची, आवाज ऐकायचा. अडचण अशी की त्या गाण्याची तेवढीच एक नक्कल उरली होती. कानाचे डॉक्टर परत विलायतेला गेले होते, मूळ कॅसेट आणि त्यांच्यासाठी केलेली नक्कल दोन्ही घेऊन. त्या एकीवरून दुसरी करताना आवाज पातळ व्हायचा आणि बाईंना तो चालायचा नाही. "लांबून गातात," म्हणायच्या. दिवसातून दोनदा वाजणारी फीत झिजत होती. वैजू मला विचारायचा, "फीत तुटली आन् म्हातारी गेली, तर इळा कुनाचा?" मी म्हणायचो, "म्हातारी ऐंशीच्या पुढं हाय. इळा देवाचा." तो म्हणायचा, "देवानं कॅसेट भरली न्हाई, नान्या. मी भरली." या माणसाला झोप लागायची नाही. महानंदावहिनी मला म्हणाल्या होत्या, "भावजी, हे रात्री उठून बसतात आन् मला विचारतात, घाटनांदूरकडून कुनी आलंय का. दुसऱ्याची आई, आन् घोर आमच्या घराला."

आणि एक दिवस फीत तुटली. वैजूनं नेलपॉलिश लावून जोडली, पुन्हा तुटली, पुन्हा जोडली, शेवटी तिचा भुगा व्हायला लागला. एसटीडीच्या बूथवरून डॉक्टरांचा नंबर लावला. तिकडून एका बाईनं इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला. बूथवाल्याच्या मते ती म्हणाली, डॉक्टर घर बदलून गेले. माझ्या मते ती म्हणाली, चुकीचा नंबर. वैजूच्या मते ती म्हणाली, तुमचं आता काही खरं नाही.

तेव्हा मीच अक्कल दिली. म्हटलं, आपल्याकडं काय गाणाऱ्यांचा दुष्काळ पडलाय? योगेश्वरीच्या देवळातल्या दोन आराधी बायका बोलावल्या, संबळ बोलावला, आणि बायकांचा सूर ढळू नये म्हणून हार्मोनियमची एक पट्टी दाबून धरायला मी स्वतः बसलो. चाल वैजूला पाठ होती. इंग्रजी शब्द कुणाला म्हणता येईनात, तेव्हा त्यानंच मराठीत दोन ओळी बांधल्या:

पाठीला डोळा न्हाई, गं आई,
इळ्याला नाव न्हाई...

त्या बायकांनी काय गायलं म्हणून सांगू. शेजारच्या सायकलवाल्यानं पंक्चर काढणं थांबवलं. समोरच्या चक्कीचा पट्टा आपोआप निसटला. देवळाच्या कळसावरचे पारवे येऊन पत्र्यावर बसले, मोजून... जाऊ द्या, खूप बसले. पहिल्यांदाच वैजूच्या चेहऱ्यावर मी थोडी उभारी बघितली. कॅसेट घेऊन आम्ही दोघं घाटनांदूरला गेलो. बाईंनी पूर्ण ऐकली, डोळे मिटून. मग ताट हातानं बाजूला सारलं.

"गोड गातात," म्हणाल्या. "पन भेत न्हाईत."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. अण्णांचा माणूस दुकानासमोर येऊन नुसता उभा राहायचा, विडी ओढायचा आणि जायचा.  तिसऱ्या दिवशी वैजू मला म्हणाला, "चल." पिशवी घेतली नाही, कापूस नाही, काही नाही. मी विचारलं, "काय करनार हायस?" म्हणाला, "माफी मागतो." लुनावर मागं बसून मी त्याच्या पाठीला हात लावला तर शर्ट ओला होता, थंडीचे दिवस असून.

बाईंच्या खाटेशी तो खाली बसला.  बाई म्हणाल्या, "काय झालं रं? कावून थरथरतूस?" तो म्हणाला, "आजी, मला लई भ्या वाटायलंय. तुमी जेवा." बाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हन की मग." आणि वैजूनं म्हटलं. ज्या माणसाला मी अंघोळीतसुद्धा गुणगुणताना ऐकलं नव्हतं, तो गायला. आवाज काही चांगला नव्हता. वर जाताना फाटायचा, खाली येताना श्वास संपायचा. पण तो म्हणत होता ना, तेव्हा मी खोलीच्या दाराकडं बघितलं, कुणी उभं आहे का म्हणून. तो शब्द आठवत नव्हता, शब्दांपासून पळत होता आणि चाल त्याला धरून परत आणत होती. त्या विलायती बायका जिथून गात होत्या तिथूनच हा गात होता, आणि मला वाटतं, त्या दोन्हीकडच्या लोकांनी शेतात पाठ फिरवून पहिल्यांदा तोंड उघडलं असेल तेही तिथूनच. गाणं संपल्यावर बाईंनी सूनबाईंना सांगितलं, "ह्याला पन वाढ."

पुढची वर्षं तो दर सोमवारी जात राहिला. आता कॅसेटही नको, टेपही नको; वैजू जायचा, गायचा, दोघं मिळून भाकरी खायची, बाकीचे सहा दिवस बाई त्याच आधारावर जेवायच्या. मी कधी कधी बरोबर जायचो. मला वाटलं होतं, हळूहळू त्याची भीती मोडेल. मोडली नाही. उलट बाईंची हाडं जसजशी वर यायला लागली तसा तो जास्त भ्यायला लागला, आणि तसा तो जास्त चांगला गायला लागला. एकदा परत येताना मी म्हटलं, "बे, एवढं भितोस तर सोड की. अण्णा काय खात न्हाईत तुला आता." त्यानं लुना थांबवली. खाली उतरला, स्टँडवर लावली, स्टँड नीट लागलाय का बघितलं. मग म्हणाला, "अण्णाला कोन भेतंय? तिला वाटतंय मी येनार हाय म्हून ती थांबलीय. मी न्हाई गेलो तर?"  तुरीच्या शेंगा तोडून खिशात भरल्या, घरच्यांसाठी.

आमची शेवटची भेट अशी काही सांगण्यासारखी नाही. आदल्या दिवशी भिंतीपलीकडून त्यानं विचारलं, "नान्या, मी कदी आजारी पडलो तर सोमवारी तू जाशील का?" मी म्हटलं, "मी जातो की. मी तर असा गाईन की म्हातारी उठून नाचंल." तो म्हणाला, "नाचायचं न्हाई तिला. जेवायचं हाय." आणि डेक सुरू केला.

मातीनंतर आठवडा गेला. घरी रोज माणसं येत होती, वहिनी एका कोपऱ्यात बसून असायच्या, मी आल्यागेल्याला चहा देत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा कमी बोलत होतो. घाटनांदूरची गोष्ट माझ्या डोक्यात नव्हती असं नाही. होती. मी तिच्याकडं बघत नव्हतो. मग जीप आली. या वेळी अण्णा स्वतः आले होते, एकटे, वहिनींना भेटून माझ्याकडं आले आणि पोत्यावर बसले. किती म्हातारे दिसत होते तेही. म्हणाले, "नाना, आईला सांगितलं न्हाई. सांगायची हिंमत न्हाई कुनाची. सोमवार गेला, तवापासून घास न्हाई. वैजू कुठाय एवढंच विचारती." मी म्हटलं, "मी काय करू?" अण्णा म्हणाले, "तुला गानं माहीत हाय. आन् तुला थापा मारता येतात. दोन्हीतलं जे जमंल ते कर."

जीपमध्ये मी थाप तयार केली. चांगली थाप होती, तीन मजल्यांची: वैजूला मुंबईच्या कंपनीनं बोलावलंय, त्याच्या आवाजाची कॅसेट निघणार आहे, तो विमानानं गेलाय आणि विमानात खिडकीपाशी बसायला घाबरला म्हणून त्याला चालकाशेजारी बसवलंय. बाई हसल्या असत्या. खोलीत गेलो तर त्या एवढ्याशा झाल्या होत्या खाटेवर, गोधडीखाली कुणी आहे की नाही असं वाटावं. डोळे मात्र उघडे. "वैजू कुठाय?" म्हणाल्या. मी तोंड उघडलं. "मुंबईला..." एवढंच आलं. पुढचा मजला चढेना. ज्या तोंडानं मी मगरी वाढवल्या त्या तोंडाला एक साधं विमान उचलेना. बाई माझ्याकडं बघत होत्या. मी बाईंकडं बघत होतो. मला एकदम कळलं की मी जे आता बोलेन त्यानं ही बाई जाईल किंवा राहील, आणि पाठ फिरवून उभं राहायला खोलीत दुसरं कुणीच नाही.  मी खाली बसलो, वैजू बसायचा तिथंच, आणि दुसरं काही सुचेना म्हणून गायला लागलो.

कसं गायलो ते मला माहीत नाही. दुसऱ्या ओळीला आवाज गेला. परत पहिलीपासून धरली, परत गेला. मधे एकदा मी थांबलो आणि रडलो असेन, कारण सूनबाई दारातून आत आल्या. मग पुन्हा म्हटलं. तोडकं, फाटकं, पण शेवटपर्यंत. बाईंनी काहीच विचारलं नाही. कधी, कसा, काही नाही. सूनबाईंना हातानं खूण केली, त्यांनी ताट आणून मांडीशी धरलं. बाईंनी भाकरी मोडली. त्या हातांना ती मोडायला वेळ लागला, कुणी मदत केली नाही. पहिला घास दुधात बुडवला आणि तोंडाकडं न नेता ताटाच्या कडेला वेगळा ठेवला, गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा. सूनबाईंनी पदर तोंडाला लावला. तेव्हा मला कळलं की त्यांनाही कळलं. दुसरा घास बाईंनी स्वतः खाल्ला. सावकाश चावला. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सोमवारी येत जा. उशीर करू नगंस."

त्यानंतर दोन सोमवार झाले. अजून त्यांचा पहिला घास ताटाच्या कडेलाच जातो, मगच दुसरा. तो कडेचा घास सूनबाई नंतर छपरावर ठेवतात आणि कावळा येईपर्यंत आम्ही दोघं अंगणात उभे राहून वाट बघतो, कावळ्याला उशीर झाला की जीव टांगणीला लागतो. हे लिहितोय तो शनिवार आहे. संपादकांनी सांगितलंय की लेख पुढच्या रविवारच्या पुरवणीत येईल. त्याच्या आधी एक सोमवार आहे, आणि आज सकाळपासून माझा घसा बसलाय.